चिपळूणला घर बांधतोय, समोरच्या भिंतीला कोणतं स्टोन क्लॅडिंग (भिंतीवर बाहेरून लावायचा दगडाचा थर) लावावं? सँडस्टोन, काळा दगड की जांभा?

चिपळूणचा पाऊस बघता मी डोळे झाकून काळा दगड, म्हणजे बेसाल्ट घेईन. तो पाणी फारच कमी पितो. पिवळसर सँडस्टोन कॅटलॉगमध्ये देखणा दिसतो, पण सच्छिद्र असल्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ आणि काळे डाग येण्याची शक्यता जास्त. तोच हवा असेल तर वर पागोळी भिंतीपासून लांब पडेल एवढा छज्जा द्या आणि वाफ बाहेर जाऊ देणारा सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) दर काही वर्षांनी मारा. चकचकीत लॅकर नको, आतला ओलावा अडकून थर पोपडे धरतो.

जांभा आपल्याकडचाच. पण त्याच्या पातळ चकत्या चिकटवण्यापेक्षा अख्ख्या चिऱ्यांची भिंत जास्त शोभते, हे माझं मत.

दगडापेक्षा घोळ बहुतेक वेळा लावण्यात होतो. 20 मिमी जाडीचा बेसाल्ट चौरस मीटरला 55-60 किलो भरतो. त्यामुळे नुसत्या कालवलेल्या सिमेंटवर विसंबू नका. दगडासाठीचं पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह वापरा आणि पहिल्या मजल्याच्या वर स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पचा आधार घ्या. भिंतीला रंग असेल तर आधी तो खरवडून प्लास्टर उघडं करा, वॉटरप्रूफिंगही दगड लावायच्या आधीच.

घराच्या आत मात्र काहीही चालेल. फक्त कोटा किंवा शहाबाद लावलात तर अ‍ॅसिडने धुऊ नका, ते चुनखडीचे दगड आहेत.