जळगावात एक मोकळा दिवस

पहिल्यांदाच जळगावला येत असाल, तर सकाळी थेट मित्राच्या घरी जाऊ नका. एकदा पाहुणचार सुरू झाला, की खान्देशी घरातून लवकर निघणे होत नाही. त्याआधी मेहरूण तलावाकाठी फेरी मारा आणि जैन हिल्सवरील, २०१२ साली खुले झालेले गांधी तीर्थ हे महात्मा गांधींच्या जीवनावरील संग्रहालय निवांतपणे पाहा; दोन-तीन तास हाताशी ठेवाच. मित्राला मात्र आदल्या दिवशीच कळवा, कारण हिवाळा असेल तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजलेल्या, मग सोलून हिरव्या मिरच्या-लसणासह ठेचलेल्या वांग्यांचे भरीत ऐनवेळी होत नाही. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असते. परतीची गाडी रात्रीचीच धरा. जेवून लगेच उठलेला पाहुणा यजमानांच्या मनाला फार लागतो.