गाडी घेण्याआधी तिचे वजन पाहा

आपण नुकताच हलक्या मोटार वाहनाचा परवाना काढला आहे आणि मार्केट यार्डातील भाजीच्या वाहतुकीसाठी छोटा टेम्पो घेण्याचा विचार आहे, तर प्रथम त्या गाडीच्या आरसी बुकातील मालासह एकूण वजनाचा रकाना पाहावा. हे वजन 7500 किलोच्या आत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निकालानुसार मालवाहतुकीसाठी परवान्यावर वेगळ्या नोंदीची गरज उरत नाही. छोटा हत्ती या मर्यादेत सहज बसतो. आयशरची काही मॉडेल्स मात्र बसत नाहीत, त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर न जाता आकडा स्वतः वाचावा. मर्यादेपलीकडच्या गाडीचा परवाना काढायचा असल्यास हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना आणि वय 20 पूर्ण असावे लागते. गॅस सिलिंडरसारखा धोकादायक माल न्यायचा असल्यास वेगळे प्रशिक्षण व नोंद लागते.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. तेथे 7500 किलोची मर्यादा रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाला लागते, आणि मागे ट्रॉली जोडल्याने चालकाचा परवाना बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालीच म्हटले आहे. तरीही ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाड्यांत मागचा नंबर चिखलाने झाकलेली आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली हमखास दिसते. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसतच नाही. विम्यात ट्रॉलीचा उल्लेख आहे का, हेही ऊस भरण्यापूर्वीच तपासावे.