पोर्ट ० वरचे एलईडी का लागत नाहीत?

प्रश्न : एटी८९एस५२ या मायक्रोकंट्रोलरच्या पोर्ट १ ची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये एलईडी जोडले, तर ते मिणमिणते का होईना, लागतात. तेच पोर्ट ० ला जोडले, तर एकही लागत नाही. चिप बिघडली असेल का? दुकानदाराने १० किलोओहमची रेझिस्टर पट्टी लावायला सांगितले आहे.
– डिप्लोमाचा एक विद्यार्थी

उत्तर : चिप बिघडलेली नाही. पोर्ट १, २ आणि ३ च्या प्रत्येक पिनला आतूनच दुबळा पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे खेचणारी जोडणी) असतो, म्हणून १ लिहिल्यावर तिथे थोडा तरी प्रवाह मिळतो. पोर्ट ० मध्ये पिन वर खेचणारा ट्रान्झिस्टर असतो खरा, पण तो बाहेरच्या मेमरीशी पत्ता आणि डेटा यांची देवाणघेवाण चालू असतानाच काम करतो. एरवी तो बंद राहत असल्यामुळे ० लिहिल्यावर पिन ग्राउंडला जाते आणि १ लिहिल्यावर ५ व्होल्टला न जाता अधांतरी राहते. यालाच ओपन ड्रेन म्हणतात.

रेझिस्टर पट्टी म्हणजे बाहेरून लावलेला पुल-अपच. त्यामुळे दुकानदाराचा सल्ला चुकीचा नसला, तरी तुमच्या एलईडींसाठी अपुरा आहे. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. उरलेल्या ३ व्होल्टमधून १० किलोओहमवाटे जेमतेम ०.३ मिलिअँपिअर मिळतील. त्यापेक्षा जोडणीच उलटवा : ५ व्होल्टपासून रेझिस्टर, मग एलईडी आणि त्याचा कॅथोड (ऋण टोक) पिनला. आता ० लिहिल्यावर एलईडी लागेल आणि पुल-अपची गरजच उरणार नाही. सवयीने ३३० ओहमचा रेझिस्टर मात्र लावू नका. त्याने प्रत्येकी ९ मिलिअँपिअर वाहतील; डेटाशीटनुसार एका पिनला १० चालतात, पण पूर्ण पोर्ट ० ची मर्यादा २६ आहे आणि आठही एलईडी एकदम लागले तर ७२ होतील. १ किलोओहम लावल्यास बेरीज २४ वर थांबते. ही बेरीज विद्यार्थी सहसा करत नाहीत, म्हणून इतक्या विस्ताराने लिहिले.

पोर्ट ० वर बटणे जोडाल, तेव्हा मात्र पुल-अप हवेतच. बटण पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ठेवा आणि वाचण्यापूर्वी त्या पिनवर १ लिहा, नाहीतर आतला ट्रान्झिस्टर पिन खालीच धरून ठेवील आणि बटण न दाबताही ० च वाचला जाईल. १० किलोओहम येथे योग्य आहे : पिनची गळती १० मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते, तिच्यामुळे फक्त ०.१ व्होल्ट घटतो. १ मेगाओहम लावल्यास मात्र पिन वर राहण्याची खात्री देता येत नाही.

पट्टीवरील टिंबाजवळचा पाय सामाईक (पट्टीतल्या सगळ्या रेझिस्टरना जोडलेला) असतो, तो ५ व्होल्टला जोडा. पट्टी उलटी बसली, तर सामाईक पाय पोर्टच्या एका पिनवर येतो आणि त्या पिनचे बटण दाबताच आठही पिना ० दाखवू लागतात.