सिअ‍ॅटलच्या मिनरल स्प्रिंग्स पार्कमध्ये डिस्क गोल्फ सुरू करायचे आहे; एकट्याने खेळता येते का आणि कोणत्या डिस्क घ्याव्यात?

नोकरीनिमित्त नुकतेच पुण्याहून आलात आणि नॉर्थगेटजवळच्या या छोट्या बागेत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्या पाहून आपल्याला हा प्रश्न पडला, असे आपण लिहिले आहे. डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती (डिस्क) कमीत कमी फेकींत त्या टोपलीत टाकण्याचा खेळ. तो एकट्याने जरूर खेळता येतो, आणि त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. डिस्कबाबत मात्र माझे मत ठाम आहे: दुकानातला तीन डिस्कचा संच सध्या राहू द्या आणि फक्त एक पटर, म्हणजे टोपलीजवळच्या हलक्या फेकींसाठीची डिस्क, घ्या.

याचे कारण मैदानातच आहे. येथे नऊच होल (फेकीच्या जागेपासून टोपलीपर्यंतचे टप्पे) आहेत, ते आखूड आहेत आणि उंच झाडांमधून वाट काढत जातात. ड्रायव्हर नावाची पातळ, धारदार कडेची डिस्क वेगाने फेकली तरच सरळ जाते. नवख्या हाताचा वेग तिला पुरत नाही, त्यामुळे उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेत) फेकली की ती थोडे अंतर जाऊन डावीकडे कोसळते आणि तिचा शोध झुडपांत घ्यावा लागतो. पटरची कड जाड आणि बोथट असते, ती सावकाश फेकली तरी बऱ्यापैकी सरळ तरंगते, आणि झाडाला आपटली तरी फार लांब उसळत नाही. फेकताना डिस्कचा पुढचा काठ वर उचलला जाणार नाही एवढे पाहा. तो उचलला गेला की डिस्क हवेत चढते, अडते आणि मागे राहते.

टोपलीजवळ आल्यावर जोर आणखी कमी करा, कारण वेग शोषून घेणे हेच साखळ्यांचे काम आहे. अशी साखळ्यांची टोपली एड हेड्रिक यांनी घडवली. त्यांनीच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान आखले होते, आणि तेथे सुरुवातीला टोपलीऐवजी नुसते खांब होते. (२००२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात. या गृहस्थांच्या मात्र हवेत उडाल्या.) साखळ्यांत अडकलेली किंवा तबकात पडलेली डिस्क टोपलीत गेली असे मानले जाते, टोपलीच्या माथ्यावर जाऊन बसलेली तशी मानली जात नाही.

नियम थोडेच आहेत. डिस्क जिथे थांबली तिथूनच पुढची फेक करायची, टोपलीपासून जो सर्वांत लांब असेल त्याने आधी फेकायचे, आणि दहा मीटरच्या आत असाल तर डिस्क सुटल्यावरही तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही. एकटे असताना या शेवटच्या नियमाकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. पण पुढे झेपावत फेकण्याची सवय एकदा लागली की ती सुटता सुटत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे ही बाग सर्वांची आहे. कुत्र्यांना फिरवणारे, लहान मुले आणि नुसते चालायला आलेले लोक फेकीच्या वाटेत येतात, आणि त्यांपैकी अनेकांना आपण खेळाच्या मैदानात आहोत याची कल्पनाही नसते. अशा वेळी ओरडून त्यांना बाजूला करण्यापेक्षा थांबणे योग्य. वळणामागचे दिसत नसेल तर आधी चार पावले पुढे जाऊन पाहून यावे. चुकून डिस्क कोणाच्या दिशेने गेलीच, तर मोठ्याने ‘फोर’ म्हणून सावध करावे. मागून वेगाने खेळणारा गट आला तर त्यांना पुढे जाऊ द्यावे. ते बहुधा आभार मानतात आणि एखादी युक्तीही सांगून जातात.

हिवाळ्यात खेळणार असाल तर कोरडा टॉवेल अवश्य ठेवा, कारण भिजलेली डिस्क बोटांतून निसटते आणि तिची दिशा आपल्या हातात राहत नाही. डिस्कचा रंग भडक गुलाबी किंवा नारिंगी निवडा, कारण हिरवी डिस्क गवतात आणि नेच्यांत दिसत नाही. शिवाय मागच्या बाजूला पक्क्या शाईने फोन क्रमांक लिहा. हरवलेली डिस्क सापडल्यावर त्या क्रमांकावर कळवण्याची रीत इथले खेळाडू बऱ्यापैकी पाळतात.