सेनेगलच्या घरातली नवी लेक

प्रिय मावशी,

मी २३ वर्षांची. सातव्या वर्षी आईबाबांबरोबर पुण्याहून न्यू जर्सीला आले, आता अमेरिकन नागरिक आहे. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या संस्थेची स्वयंसेवक म्हणून सध्या पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये त्येस शहराजवळच्या एका गावात प्रशिक्षण घेतेय आणि एका कुटुंबात राहतेय. दिवसभर वोलोफ भाषेचा वर्ग, संध्याकाळी घरभर माणसं. सगळे एकाच परातीत जेवतात, तेही मासेभात, आणि मी शाकाहारी. मी तोंड उघडलं की पोरं हसतात. मी अमेरिकन आहे हे कुणाला पटत नाही, हिंदी गाणं म्हण म्हणतात. रात्री दार लावून आईशी खूप वेळ बोलते. मग झोप येत नाही, भयानक स्वप्नं पडतात. आई म्हणते, परत ये. मदत करायला आले आणि इथे मलाच सांभाळावं लागतंय. जाऊ का परत?

बाळा,

झोपेचं तू ओझरतं लिहिलंस, पण मी आधी तेच बघणार आहे. तिथे मलेरिया टाळायची गोळी तुम्ही सगळे घेता. तुझी गोळी मेफ्लोक्विन असेल, तर झोप उडणं, भयानक स्वप्नं पडणं, उगाच धास्ती वाटणं हे तिचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्याबद्दल कडक इशाराही दिला आहे. दुसऱ्या गोळ्या मिळतात. मात्र मनाने गोळी बंद करू नकोस, मलेरिया फार वाईट. पीस कोअरचे डॉक्टर त्याच देशात असतात, त्यांना उद्याच फोन कर आणि स्वप्नांसकट सगळं सांग. रात्र रात्र जागलेल्या डोक्याने परत जायचं की नाही हे ठरवू नये.

आता जेवण. 'भूक नाही' हे कारण तिथे चालणार नाही. ज्या घरात पाहुण्यापुढे परातीतले चांगले तुकडे सरकवतात, तिथे त्याचा अर्थ 'तुमचं अन्न आवडलं नाही' असा होतो. खरं कारण सांग: आमच्या घरी मासे-मांस खात नाहीत. ते लोक बहुतेक मुसलमान, डुकराचं मांस न खाणारे. घराची रीत म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. तुझ्या भाषाशिक्षकाकडून हे वाक्य वोलोफमध्ये बसवून घे आणि तू राहतेस त्या घरच्या आईला स्वतः सांग. परातीत प्रत्येकजण आपल्या पुढ्यातलंच खातो, तेव्हा कोबी, गाजर, वांगं, कसावा तुझ्या बाजूला येईल. भात माशाच्या रश्शात शिजतो, तो चालेल का हे तुझं तू ठरव. नाही चालला तरी वाईट वाटून घेऊ नकोस. तिथे न्येबे म्हणतात ती आपली चवळीच. सकाळी पावात भरून विकतात. एखाद्या रविवारी घरच्या आईच्या शेजारी बसून चवळीची उसळ कर. शेंगदाण्याच्या कुटालाही तोटा नाही, तुझ्या अवतीभवती भुईमुगाचाच मुलूख आहे.

पोरांच्या हसण्याचं मला तुझ्याइतकं वाईट वाटलं नाही. सेनेगलमध्ये आडनावावरून एकमेकांना चिडवायची जुनी रीत आहे. जोप आणि न्जाय आडनावाचे लोक भेटले की एकमेकांना खादाड म्हणतात, आणि त्यात रागाचा लवलेश नसतो. घराने तुला नाव-आडनाव दिलं असेल, तर त्या आडनावाने कुणाला चिडवायचं ते विचार आणि एकदा उलटून बोल. दुपारी अताया उकळायला लागला की तिथेच बस. हिरव्या चहाच्या तीन फेऱ्या व्हायला तास-दीड तास सहज जातो, आणि तेवढ्यात जी भाषा कानावर पडते ती वर्गात मिळत नाही.

'अमेरिकन वाटत नाहीस' हे मात्र लागतं, मला कळतं. न्यू जर्सीत तुला 'मूळची कुठली' विचारत असतील, आता तिथेही तेच. त्यांचा हेतू वाईट नाही. हिंदी सिनेमाचं वेड तिथे कित्येक वर्षांचं आहे आणि तुझ्यात त्यांना ओळखीचं, आवडीचं काहीतरी दिसतं. 'मी भारतात जन्मले, अमेरिकेत वाढले' एवढं वोलोफमध्ये ठणकावून सांग, शंभरदा सांगावं लागलं तरी. गाणं तुला म्हणावंसं वाटलं तरच म्हण. पण कुणी अंगचटीला आलं, लग्नाची मागणी घालत मागे लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग.

'मलाच सांभाळावं लागतंय' म्हणतेस. अगं, प्रशिक्षणाचे हे दहा-बारा आठवडे त्याचसाठी आहेत. १९६६ मध्ये ६८ वर्षांच्या लिलियन कार्टर याच पीस कोअरमधून मुंबईला, विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. पुढे त्यांचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला. हाडाच्या नर्स, पण आधी कुटुंबनियोजनाचं काम वाट्याला आलं. दवाखान्यातलं मनासारखं काम नंतर मिळालं. तू तर अजून कामाच्या गावी पोचलीही नाहीस.

आईशी आठवड्यातून दोनदा बोल, रोज नको. तुझ्याकडे रात्र होते तेव्हा घरची सगळी अंगणात असतात आणि तू दाराआड. त्यांना तू आजारी किंवा रागावलेली वाटत असणार. तुझ्या आईलाही तुझी फक्त रडवेली वेळच ऐकू येते, म्हणून ती 'परत ये' म्हणते. तिला एकदा सकाळी फोन करून वर्गात काय झालं ते सांग. फक्त न्यू जर्सीचं घड्याळ तुझ्या चार-पाच तास मागे आहे, ती उठली असेल याची खात्री कर.

डॉक्टरांशी बोलून नीट झोप लागू दे. प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथविधीपर्यंत थांब. त्यानंतरही मन तिथे रमलं नाही, तर ये परत. स्वयंसेवकाला केव्हाही जाता येतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जायचं ठरलंच, तर घरच्या आईला कार्यालयाकडून कळू देऊ नकोस. तिच्याजवळ बस आणि येईल तेवढ्या वोलोफमध्ये तूच सांग.

तुझी,
मावशी