दिवाणखाना लहान असेल तर छत खाली आणू नका

आपला प्रश्न वाचताना आमचाच जुना दिवाणखाना डोळ्यांपुढे उभा राहिला. दहा बाय बारा फुटांची खोली, भिंतींना पांढरा रंग, सोफ्याच्या मागे मोठा आरसा, आणि एवढे करूनही आत पाऊल टाकताच भिंती अंगावर आल्यासारख्या वाटणे, हे सारे आम्हीही भोगले आहे. आता फॉल्स सीलिंग, म्हणजे मूळ छताखाली दुसरे खोटे छत, करून त्यात दिवे बसवल्यास खोली मोठी दिसेल, असे आपल्याला सांगण्यात आले आहे आणि ते करावे का, असा आपला प्रश्न आहे. अडगळ काढणे, फिकट रंग देणे वगैरे आपण केलेच आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मी या व्यवसायातली नाही. एकाच खोलीचे काम दोनदा करावे लागलेली गृहिणी आहे, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

फॉल्स सीलिंग करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या दिवाणखान्याची उंची मूळची 9 फूट 2 इंच होती. गृहसजावटीच्या ज्या कार्यालयाकडे आम्ही काम सोपवले, त्याचे नाव येथे लिहीत नाही. पण त्यांनी आमच्यापुढे ठेवलेल्या कामांच्या यादीत फॉल्स सीलिंग आधीपासूनच होते आणि ते हवे की नको, हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही. संगणकावर काढलेल्या चित्रात खोली इतकी ऐसपैस दिसत होती की आम्हीही तो विचारला नाही. ते चित्र कसे काढलेले असते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. अशा चित्रात कॅमेरा पुष्कळदा खोलीच्या आत नसतोच. समोरची भिंत काढून टाकून तो बाहेर चार-पाच फूट मागे नेलेला असतो आणि दृश्याचा कोनही डोळ्याला दिसतो त्यापेक्षा बराच रुंद घेतलेला असतो. जिथे उभे राहणेच शक्य नाही, अशा जागेवरून आम्ही आमची खोली पाहत होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आम्हाला दिलेले सगळे आराखडे वरून पाहिलेले होते. सोफा कुठे, टीव्ही कुठे, दिवे किती, हे त्यांत इंचाइंचाने दाखवले होते. पण खोलीचा उभा छेद, म्हणजे खोली उभी कापल्यास बाजूने कशी दिसेल ते चित्र, कुठेच नव्हता, आणि काम झाल्यावर छताची उंची किती उरेल हा आकडा एकाही कागदावर लिहिलेला नव्हता. जिप्समच्या पाट्या बसून रंग झाल्यावर मी स्वतः टेप लावून मोजले, तेव्हा ती 8 फूट 5 इंच भरली. नऊ इंच गेले होते. मी तीन वेळा त्या कार्यालयात गेले. पहिल्यांदा सांगितले की आराखडा करणारी व्यक्ती आता तेथे नाही, दुसऱ्यांदा कंत्राटदाराकडे बोट दाखवले, आणि तिसऱ्यांदा आमच्या सहीचा कागद पुढे केला. सही आमचीच होती, हे खरे आहे. परंतु ज्या कागदावर उंचीच लिहिलेली नाही, त्या कागदावरच्या सहीने आम्ही कमी उंचीला संमती कशी दिली, या साध्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नऊ इंच ही फार मोठी गोष्ट नाही, असे कोणी म्हणेल. लहान खोलीत ती असते, कारण एका ठिकाणी उंची बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे बदलते. आमचा छताचा पंखा मूळच्या दांडीवर तसाच राहिला आणि छत मात्र पात्यांच्या अगदी जवळ आले. पात्यांच्या वर पुरेशी मोकळी जागा नसल्यामुळे पंख्याला हवा ओढता येईना आणि खाली वारा लागेना. मग दांडी लांब करून पंखा आणखी खाली घेतला, आणि खोलीत उभे राहिले की नजर प्रथम पंख्यावरच जाऊ लागली. पडद्यांची दांडी खिडकीच्या चौकटीला जवळजवळ टेकून लावावी लागली. दाराच्या वर जी मोकळी भिंत होती तिचा एक अरुंद पट्टा उरला. पण सर्वांत मोठा तोटा दिव्यांनी केला.

छतात बसवलेले सहा दिवे सरळ खाली पाहणारे होते. संध्याकाळी ते लावले की फरशीवर सहा लख्ख वर्तुळे उमटत, भिंतींचा वरचा भाग अंधारात राहत असे, आणि स्वतः छतावर तर उजेड पडतच नसे, कारण दिवे छतातच होते. पांढऱ्या रंगाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर प्रकाश पडला तरच तो पांढरा दिसतो, एरवी करडा दिसतो. आपण पांढरा रंग देऊनही खोली कोंदट वाटते असे लिहिले आहे, त्याचे कारण मला येथेच दिसते. डॅनियल ओबरफेल्ड, हाइको हेश्ट आणि माथियास गामर या संशोधकांनी 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना आभासी खोल्या दाखवून उंचीचा अंदाज विचारला होता. छत जितके उजळ, तितकी खोली उंच भासली. भिंती उजळ केल्या तरीही उंच भासली. फरशीच्या उजळपणाने मात्र उंचीच्या अंदाजात फरक पडला नाही. आमच्या दिव्यांनी नेमके याच्या उलट केले होते: ज्या फरशीवर उजेड टाकून काही साधत नाही ती झगझगीत, आणि छत व भिंती काळवंडलेल्या. आता आपल्यापुढे जो प्रस्ताव आहे, त्यातही छतात बसवलेले दिवेच आहेत, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

दोन वर्षांनी आम्ही ते सीलिंग काढले. पाट्या उतरल्यावर चारही भिंतींवर वरच्या बाजूला नऊ इंचांचा एक पट्टा उघडा पडला. खालच्या भागाला नवा पांढरा रंग दिलेला होता आणि पट्ट्यावर जुना, फिकट पिस्ता रंग तसाच होता. आमच्याकडून काय काढून घेतले होते, ते खोलीभर आखून दाखवल्यासारखे दिसत होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती शाळेतून आली, दारातच थांबली आणि म्हणाली, ‘आई, आपले घर उंच झाले.’ त्या वेळी खोलीत सामान अस्ताव्यस्त होते, सगळीकडे पांढरी धूळ होती, दिवा म्हणून वायरीला लोंबणारा एक साधा बल्ब होता, आणि तरीही तिचे म्हणणे खरे होते.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की केली आहे. खोली किती मोठी आहे, हे डोळा तिच्या कडांवरून ठरवतो. भिंत फरशीला कुठे मिळते, छताला कुठे मिळते, खिडकीची काच कुठे संपते, या रेषा जितक्या अखंड दिसतील तितकी खोली मोकळी वाटते, आणि आपण हौसेने जे जे आणतो ते बहुधा यांपैकी एखादी रेषा झाकते. तुमच्या खोलीकडे याच नजरेने पाहा. तळापर्यंत भरीव असलेला सोफा फरशीची कड झाकतो. तेवढ्याच आकाराचा, पण पाच-सहा इंचांच्या पायांवर उभा असलेला सोफा ती कड मागपर्यंत दिसू देतो. टीव्हीखालचे युनिट भिंतीला टांगले आणि त्याखाली वीतभर फरशी मोकळी सोडली तर हाच लाभ होतो. मात्र टांगण्यापूर्वी ती भिंत वजन पेलणारी आहे की नुसता पडदा म्हणून उभारलेली, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

सगळे सामान भिंतीला चिकटवून मध्ये मैदान मोकळे ठेवावे, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. आपण लिहिलेल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सर्वांत लांब रेषा ही भिंतींच्या दिशेने जात नाही, ती एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाते, आणि ती साडेपंधरा फुटांहून थोडी जास्त भरते. दारातून आत येणाऱ्याला ही तिरपी रेषा शेवटपर्यंत मोकळी दिसली पाहिजे. समोरच्या त्या कोपऱ्यात उंच कपाट उभे केले की तीन-चार फूट तिथेच संपले. आमच्याकडे त्या कोपऱ्यात आता फक्त जमिनीवर उभा राहणारा, वर प्रकाश फेकणारा दिवा आहे, आणि कपाट दाराच्या बाजूच्या भिंतीला, आत येणाऱ्याच्या पाठीमागे गेले आहे. चालण्याच्या वाटेला अडीच ते तीन फूट आणि सोफा व टेबल यांच्यामध्ये दीड फूट एवढे ठेवले की उरलेल्या जागेत काय मावते ते आपोआप ठरते. नवीन सोफा घेणार असाल तर त्याच्या मापाची वर्तमानपत्रे फरशीवर पसरून दोन दिवस त्यांना वळसा घालून चाला. दुकानाच्या मोठ्या दालनात प्रत्येक सोफा लहानच दिसतो.

आरशाबद्दल थोडे लिहिते, कारण आपण तो लावला आहे आणि उपयोग झाला नाही असे म्हटले आहे. आरशासमोरची वस्तू जेवढ्या अंतरावर असते, तेवढ्याच अंतरावर ती आरशाच्या आत दिसते. आपल्या सोफ्यामागच्या आरशासमोर पुस्तकांचे भरलेले कपाट आहे, म्हणजे आरसा आपल्याला आणखी एक भरलेले कपाट दाखवतो आहे. तो काढून खिडकीच्या समोर किंवा खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर न्या. पण आधी कोणाला तरी तो हातात धरून उभे करा आणि आपण आपल्या नेहमीच्या जागी बसून त्यात काय दिसते ते पाहा. मगच भिंतीला भोक पाडा.

प्रकाशाच्या बाबतीत माझा आदर्श फार जुना आहे. लंडनमध्ये वास्तुविशारद जॉन सोन (1753–1837) यांचे राहते घर आता संग्रहालय आहे. त्यात न्याहारीसाठी एक लहानशी खोली आहे. तिच्यावरचा चपटा घुमट दोन बाजूंच्या भिंतींपर्यंत पोहोचतच नाही. मधल्या फटींवर, खालून न दिसणारे झरोके आहेत आणि त्यांतून उजेड थेट भिंतींवर उतरतो. घुमटात लहान बहिर्वक्र आरसे बसवले आहेत. खोली आहे तेवढीच आहे, पण तिची सीमा कुठे आहे ते डोळ्याला पकडता येत नाही. आपल्याला घुमट बांधायचा नाही. उजेड खाली न टाकता भिंतीवर आणि छतावर टाकायचा, एवढेच त्यातून घ्यायचे. दोन भिंतींवर वर-खाली प्रकाश टाकणारे दिवे आणि कोपऱ्यात एक उभा दिवा एवढ्यावर आमचे काम झाले. बल्ब 2700 ते 3000 केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) आणि सगळे एकाच आकड्याचे घ्या. एक पिवळसर व दुसरा 6500 केल्विनचा निळसर असे मिश्रण झाले की भिंतीचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. वायरिंग मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

फॉल्स सीलिंगला माझा सरसकट विरोध आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. छताखालून पाइप जात असतील, तुळया वेड्यावाकड्या असतील किंवा वातानुकूलनाची नळी झाकायची असेल, तर तेवढ्याच भागात ते करण्याला कारण आहे. तसे असेल तर कामाच्या कागदावर ‘काम पूर्ण झाल्यावर फरशीपासून छतापर्यंतची उंची’ असे शब्द लिहून त्यापुढे आकडा मागा आणि उभ्या छेदाचा आराखडा मिळाल्याशिवाय सही करू नका. आकडा मिळाल्यावर त्या उंचीवर चारही भिंतींवर मास्किंग टेपची पट्टी फिरवा. दोन संध्याकाळी त्या पट्टीखाली बसा, पाहुणे येतील तेव्हाही ती राहू द्या. आम्ही एवढे केले असते तर पुढचे सारे टळले असते, कारण ती पट्टी पाहून माझ्या मुलीनेच आम्हाला थांबवले असते.

पडद्यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते, कारण कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. दांडी छताच्या जवळ घ्या, खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा ते दहा इंच पुढे जाऊ द्या, म्हणजे पडदे उघडल्यावर ते भिंतीवर थांबतील आणि काच पूर्ण मोकळी राहील. कापड फरशीला जेमतेम टेकेल एवढे लांब घ्या आणि त्याचा रंग भिंतीच्या रंगाच्या जवळचा निवडा. आपल्या खिडकीच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत किती इंच आहेत आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंत किती उरते, ही दोन मापे घेऊन येथे लिहा. त्यावरून दांडी नेमकी कुठे यावी ते मी सांगू शकेन.