बंदरात पैसे मागतात, तक्रार कुठे करायची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नवराबायको मिळून किचनच्या वस्तू इम्पोर्ट करतो, धंदा छोटाच आहे. मध्यंतरी आमचा एक कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर ठेवायच्या गोदामात अडकला. कागद सगळे बरोबर होते तरी सीएचएचा (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटचा) माणूस म्हणाला, ताई एक्झामिनेशनवाल्यांचं (माल तपासणाऱ्यांचं) बघावं लागेल, नाहीतर डिमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) चढत राहील. शेवटी आम्ही दिले. आता तक्रार केली तर आम्हीच अडकू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी कायद्याचं सांगते, कारण बहुतेक लोक इथेच घाबरून गप्प बसतात. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, पण तुम्हाला ती जबरदस्तीनं द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलंत तर ते कलम तुम्हाला लागत नाही. तुमचे ७ दिवस उलटून गेलेत असं पत्रावरून वाटतंय, त्यामुळे आता काहीही लेखी देण्याआधी एखाद्या चांगल्या फौजदारी वकिलाशी बोला. आणि पैसे सीएचएच्या हातून गेले म्हणजे आपण मोकळे, असं समजू नका.

पुढच्या वेळी मात्र पैसे द्यायच्या आधीच जा. कस्टम्स आणि पोर्ट अथॉरिटीची माणसं केंद्र सरकारची, त्यांच्यासाठी सीबीआयची अँटी करप्शन ब्रांच आहे. राज्य सरकारचा कर्मचारी असेल तर राज्याचा एसीबी (अँटी करप्शन ब्युरो), त्यांचा टोल फ्री नंबर १०६४. ते आधी मागणी खरी आहे का हे पंचांसमोर तपासतात, मग नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावून देतात, आणि ज्यानं नोटा घेतल्या त्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तपास यंत्रणेला आधी सांगून असे पैसे दिले तर तुमच्यावर गुन्हा होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय.

अजून एक, सीएचएचा माणूस जे सांगतो ते तपासून घ्या. कोणी मागितले, कशासाठी, हे त्याला विचारा. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडे भरलेला कागद) नक्की कुठल्या टप्प्यावर थांबलंय, कस्टम्सची काही क्वेरी आलीय का, हे आइसगेट या कस्टम्सच्या वेबसाइटवर तुम्हाला स्वतःला बघता येतं. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालंय, म्हणजे तुमचे कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच शहरातला ऑफिसर बघतो. समोरासमोर गाठ पडते ती कंटेनर उघडून तपासताना, आणि तुमच्याकडे मागणी आली तीही तिथेच. त्यामुळे तारीख, वेळ, टप्पा, काय शब्द वापरले, किती मागितले हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा. ‘कस्टम्समध्ये सगळे खातात’ असल्या तक्रारीवर कुणाला काहीच करता येत नाही.

प्रश्न : मी एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे, रोज डोळ्यांनी बघतो. नाव न देता तक्रार केली तर चालेल का? – एक वाचक, उरण

उत्तर : दादा, निनावी पत्रावर केंद्रीय दक्षता आयोग कारवाई करत नाही, ते फाइल होऊन जातं. पण नाव गुप्त ठेवायची सोय आहे, तिला पीआयडीपीआय म्हणतात, २००४ पासून सुरू आहे. पत्र बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावानं सतर्कता भवन, नवी दिल्ली इथे पाठवायचं, पाकिटावर पीआयडीपीआय असं स्पष्ट लिहायचं पण स्वतःचं नाव पाकिटावर अजिबात नको, ते आतल्या पत्रात. यात ईमेल चालत नाही. पोच येत नाही, ती तुमचं नाव फुटू नये म्हणूनच येत नाही, तेव्हा उत्तर नाही आलं म्हणून परत परत पत्रं पाठवू नका. आणि मजकूर असा लिहा की वाचून हे कुणी लिहिलंय ते कळणार नाही, ‘मी त्या दिवशी टेबलाजवळ उभा होतो’ एवढ्या एका वाक्यानं सगळी गुप्तता जाते. नुसता उशीर होत असेल, पैशांची मागणी नसेल, तर सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाका, तिथे आता २१ दिवसांची मुदत ठरवलीय.

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. तो सांगतो की परदेशातल्या काही बंदरांत ऑफिसर जहाजावर चढले की सिगरेटचे कार्टन मागतात. कंपनीच्या सांगण्यावरून त्यानं असा एक रिपोर्ट ऑनलाइन भरला. त्याच्या नोकरीवर येणार नाही ना? आणि असल्या रिपोर्टनं काही होतं का? – एक वाचक, दापोली

उत्तर : काकू, तो रिपोर्ट बहुतेक मेरिटाइम अँटी करप्शन नेटवर्कचा असणार. २०११ मध्ये काही शिपिंग कंपन्यांनी एकत्र येऊन हे सुरू केलं, आज २०० च्या वर मेंबर आहेत. भरणाऱ्याचं नाव त्यात लागत नाही, तेव्हा त्याची काळजी करू नका.

आणि हो, फरक पडतो, हे मी मनापासून सांगते. अर्जेंटिनाचंच बघा. तिथे धान्य भरायच्या आधी जहाजाचे होल्ड (माल भरायच्या जागा) स्वच्छ आहेत का हे इन्स्पेक्टर बघायचे, आणि पैसे नाही दिले तर होल्ड नापास, मग जहाज अडकून पडणार आणि दिवसाचं भाडं डॉलरमध्ये चढत राहणार, त्यामुळे कॅप्टन बिचारा देऊन मोकळा व्हायचा. एकेका जहाजाच्या तक्रारीनं काहीच झालं नसतं, पण रिपोर्ट साठत गेले तसं दिसलं की मागणी पुन्हा पुन्हा याच तपासणीच्या वेळी होतेय, कारण पास की नापास हे एका माणसाच्या मर्जीवर होतं. नेटवर्कनं ते तिथल्या सरकारपुढे मांडलं, २०१७ मध्ये नियमच बदलले, तपासणीवर दुसऱ्याची नजर आली, नोंदी ऑनलाइन झाल्या, वाद झाला तर वर दाद मागायची सोय झाली. त्यानंतर अशा मागण्या ९० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या असं नेटवर्क सांगतं. इन्स्पेक्टर पकडून हे झालं नसतं, एक गेला की दुसरा आला असता.

नायजेरियात आणखी वेगळं केलं, तिथे हेल्पडेस्क आहे, जहाज धक्क्याला असतानाच कॅप्टन कळवतो आणि स्थानिक माणसं लगेच संबंधित खात्याला फोन लावतात. मला ही पद्धत सगळ्यात पटते, कारण जहाज निघून गेल्यावर आलेल्या तक्रारीनं त्या कॅप्टनचा त्या दिवशीचा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडेही २०१९ मध्ये मुंबई पोर्ट आणि जेएनपीटीत या नेटवर्कनं सरकारसोबत पायलट प्रोजेक्ट केला होता.

मुलाला एवढंच सांगा, थर्ड ऑफिसरनं एकट्यानं गँगवेवर (जहाजावर चढायच्या शिडीवर) हुज्जत घालू नये, नाही म्हणायचं काम कॅप्टनचं आणि त्याच्या पाठीशी उभं राहायचं काम कंपनीचं. मागणी झाली की ती लॉगमध्ये लिहायची, किनाऱ्यावरच्या डीपीएला (कंपनीनं जहाजासाठी नेमलेल्या जबाबदार माणसाला) कळवायचं, आणि रिपोर्टमध्ये बंदर, खातं, काय मागितलं आणि नाही म्हटल्यावर किती तास उशीर झाला हे भरायचं. नकार दिला आणि काहीच झालं नाही, तर तेही भरायचं, पुढच्या जहाजाच्या कॅप्टनला त्याचाच धीर येतो.